कुशल कामगारांचे स्थलांतर : परवान्यांचे नियम आणि पेडणे-डिचोलीचा तरुण

पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर उभारलेल्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. तोपर्यंत परदेशी जाणाऱ्या पेडणेकराला दाबोळी किंवा मुंबई गाठावी लागत असे. आता विमान दाराशी आले आहे; परंतु परदेशातील नोकरीसाठी लागणारे परवाने त्यामुळे सोपे झालेले नाहीत. या परवान्यांचे स्वरूप तरुणांना व त्यांच्या पालकांना समजावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१) तीन वेगळी कागदपत्रे

सर्वसाधारणपणे ‘व्हिसा मिळाला’ म्हणजे सर्व काही मिळाले, असा समज आढळतो. वस्तुतः व्हिसा हा देशात प्रवेश करण्याचा परवाना आहे. काम-परवाना एका ठरावीक मालकाकडे, ठरावीक काम करण्यासाठी मिळतो. तेथे राहण्यासाठी निवास-परवाना लागतो. सौदी अरेबियात त्यास ‘इकामा’ म्हणतात. पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यास यांपैकी शेवटचे दोन्ही हक्क नसतात.

आखाती देशांत हे परवाने ‘कफाला’ पद्धतीने मालकाशी बांधलेले असत. कफील म्हणजे जामीनदार. नोकरी सुटली की निवासाचा हक्कही धोक्यात येई आणि मालकाच्या संमतीवाचून दुसरी नोकरी धरता येत नसे. अलीकडे यात बदल झाले आहेत. कतारने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून काही अटींवर तशी मुभा दिली. मात्र घरकामगार व खासगी वाहनचालक त्या सुधारणेबाहेर राहिले. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून पदवीधर कुशल कर्मचाऱ्यास दरमहा किमान १५,००० दिरहम वेतन असल्यास, मालकाच्या जामिनाशिवाय ५ वर्षांचा निवास-परवाना मिळू शकतो. यावरून असे दिसते की, मोकळीक ज्याच्याकडे पदवी आहे त्याला अधिक आणि ज्याच्याकडे केवळ हातातले कसब आहे त्याला कमी मिळते.

२) आपल्या देशाचा नियम आणि दहावीची रेषा

भारताच्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार काही पारपत्रधारकांना आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण व्यक्तीस ही अट नाही. तसेच मान्यताप्राप्त औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा २ वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यासही नाही. वेल्डरचा अभ्यासक्रम मात्र १ वर्षाचा असतो. म्हणजे दहावी न झालेला वेल्डर आपल्या कामात कितीही तरबेज असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो मंजुरी आवश्यक असलेल्या वर्गातच मोडतो.

ही मंजुरी म्हणजे केवळ अडथळा नव्हे. तिच्यामुळे नोकरीचा करार तपासला जातो आणि १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीने उतरविला जातो. काही दलाल ही पायरी टाळण्यासाठी कामगाराला पर्यटक व्हिसावर पाठवितात. अशा कामगाराचे वेतन थकले किंवा त्याला अपघात झाला, तर दाखवायला ना करार असतो, ना विमा. नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून कमाल ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच सेवाशुल्क घेता येते आणि त्याची पावती द्यावी लागते.

३) प्रमाणपत्रांचे साक्षांकन

कुशल कामगार म्हणून परवाना हवा असल्यास शैक्षणिक प्रमाणपत्रे साक्षांकित असावी लागतात. ओमान, बहरीन व २०२२ पासून सौदी अरेबिया येथे परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपोस्टिल’ शिक्का चालतो. अमिराती, कतार व कुवेतसाठी त्या देशाच्या दूतावासाचे साक्षांकन लागते. पारपत्रावरील आणि प्रमाणपत्रावरील नाव जुळत नसेल, तर काम येथेच अडते. म्हणून नावातील दुरुस्ती शाळेत असतानाच करून घेणे शहाणपणाचे.

४) पोर्तुगालचा मार्ग

गोमंतकात आणखी एक मार्ग आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळविता येते. पेडणे, डिचोलीही त्यात आलेच. परंतु परकीय नागरिकत्व स्वीकारताच १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. मतदानाचा हक्कही जातो. शिवाय पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनमध्ये सहज नोकरी मिळण्याचे दिवस सरले आहेत. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी तेथे राहत असलेल्यांनाच आपला हक्क राखता आला. नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकास इतर परदेशीयांप्रमाणेच कुशल कामगार व्हिसा मागावा लागतो.

निष्कर्ष

डिचोली तालुक्यात २०१२ व पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा यंत्रे व ट्रक चालविणाऱ्या अनेक कुटुंबांचे उत्पन्न थांबले. अशा वेळी परदेशचा विचार घाईने होतो आणि घाईत कागदपत्रांकडे दुर्लक्ष होते. वरील नियम पाहता, दहावीचे प्रमाणपत्र केवळ पुढील शिक्षणाचे दार नसून परदेशातील सुरक्षिततेचाही पहिला कागद आहे, हे ध्यानात येईल. शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाला एवढे पटवून दिले, तरी शिक्षण संस्थांनी मोठे काम केले असे म्हणता येईल. करार समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा, व्हिसावरील कामाचा प्रकार कराराशी ताडून पाहावा आणि सर्व कागदांच्या प्रती घरी ठेवाव्यात. विमानाचे तिकीट त्यानंतर काढावे.