ताऱ्याचा उजेड घटतो तेव्हा

रिफायनरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या बडोद्याजवळच्या कोयलीहून मार्चच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास पाहिलं, तर कर्क रास जवळजवळ डोक्यावर असते. याच राशीत, सुमारे ६०० प्रकाशवर्षं दूर, सूर्यासारखा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

नासाच्या केप्लर दुर्बिणीला मात्र त्याचा उजेड दर साधारण साडेएकोणीस दिवसांनी किंचित घटताना आढळला. घट किती? हजारात जेमतेम दोन भाग!

ग्रह ताऱ्यासमोरून सरकला की थोडा प्रकाश अडतो. जितका प्रकाश अडतो, त्यावरून ग्रहाचा आकार कळतो. घट पुन्हा येईपर्यंतचा काळ म्हणजे त्याचं वर्ष.

वस्तुमान मात्र यातून कळत नाही. त्यासाठी अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं माउंट अबूच्या गुरुशिखरावरील १.२ मीटर दुर्बिणीला जोडलेला ‘पारस’ वर्णपटमापक वापरला. ग्रहाच्या ओढीनं तारा हलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात. हे सरकणं ‘पारस’नं मोजलं.

अभिजित चक्रवर्ती यांच्या चमूनं २०१८मध्ये निष्कर्ष जाहीर केला: हा ग्रह पृथ्वीच्या सहापट त्रिज्येचा आणि सुमारे २७ पट वस्तुमानाचा आहे. त्याचं नाव के२-२३६ बी.