वुल्व्हरीन कुणाचा?

२००० साली आलेल्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २' या खेळात वुल्व्हरीन दोन होते. एक धातूच्या नख्यांचा, दुसरा हाडाच्या नख्यांचा. सप्टेंबर २०१७मध्ये त्याच मालिकेतला 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम : इन्फिनिट' बाजारात आला, तेव्हा त्यात एकही वुल्व्हरीन नव्हता. मॅग्नेटो नव्हता, स्टॉर्म नव्हती, सेंटिनेल नव्हता, डॉक्टर डूमही नव्हता. खेळ हाती पडण्याच्या कितीतरी आधी जगभरच्या खेळाडूंनी त्याच्याविषयी मत बनवून टाकलं होतं, आणि त्या मताचा मोठा भाग या गैरहजेरीने व्यापलेला होता.

फायटिंग गेम कधी न खेळलेल्या माणसाला हा रुसवा पोरकट वाटेल. तीस पात्रं तर दिली आहेत. आयर्न मॅन आहे, हल्क आहे, स्पायडरमॅन आहे. समोर कॅपकॉमचा रयू आहे, चुन-ली आहे. मग चार-दोन नसली म्हणून काय बिघडलं? ते कळायचं तर मालिकेच्या मुळाशी जावं लागतं.

कॅपकॉम ही ओसाकाची कंपनी. १९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'ने तिचं नाव जगभरातल्या आर्केडमध्ये पोचवलं. १९९४ साली तिने मार्व्हल या कॉमिक कंपनीकडून परवाना घेऊन 'एक्स-मेन : चिल्ड्रन ऑफ द ॲटम' काढला. वुल्व्हरीन, मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल हे सगळे याच एक्स-मेनच्या जगातले. 'स्ट्रीट फायटर'मधला अकुमा त्यात गुपचूप लपवून ठेवला होता. दोन वेगळी जगं एकाच पडद्यावर आली ती तिथे. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच घडली. 'स्ट्रीट फायटर'ची लढाई जमिनीवरची, दोघांमधलं अंतर मोजत खेळायची. एक्स-मेनमधले कितीतरी जण उडणारे. त्यांना न्याय द्यायचा तर जमीन पुरणार नव्हती. म्हणून या खेळातली पात्रं दिसत्या पडद्याच्याही वर जाईल अशी उडी मारू लागली. पुढे १९९६चा 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर' आला, १९९८चा पहिला 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम' आला, आणि ती उंची सगळ्यांच्या वाट्याला आली. रयूसारखा जमिनीवरचा गडीसुद्धा आभाळात लढायला लागला. थोडक्यात, या मालिकेला तिचा स्वभाव एक्स-मेनने दिला. ते नसलेला नवा भाग म्हणजे मूळ घराणंच वगळलेला भाग, असं खेळाडूंना वाटलं तर त्यात अतिशयोक्ती नव्हती.

२०००च्या भागात ५६ पात्रं होती, २८ इकडची आणि २८ तिकडची. प्रत्येकाने तीन जण निवडायचे. एक लढतो, दोघे बाहेर थांबतात. बाहेर थांबलेल्याला क्षणभर मदतीला बोलावता येतं. तो उडी मारून येतो, आपला एक ठरलेला वार करतो आणि निघून जातो. पण आत असताना फटका बसला तर त्याचंही रक्त जातं. एका वेळी समोरच्याच्या दोन माणसांना वारांच्या एकाच माळेत अडकवण्याची संधी त्यातून मिळते. हा खेळ मोजूनमापून बनवलेला नव्हता. मूठभर पात्रं इतकी वरचढ होती की मोठ्या स्पर्धांत मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल यांच्याभोवतीच सगळं फिरत राहिलं. आणि तरीही तो २०१०पर्यंत इव्हो या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या फायटिंग गेम स्पर्धेत टिकला. न्यूयॉर्कच्या जस्टिन वाँगने तिथे त्याचं विजेतेपद अनेकदा मिळवलं. या चौघांतला मॅग्नेटो तर हवेत आठही दिशांना झेपावतो. तो वरून येणार की खालून, डावीकडून की उजवीकडून, हे समोरच्याला डोळा लवायच्या आत ओळखावं लागतं. मॅग्नेटो खेळणाऱ्याच्या बोटांत ही चाल वर्षानुवर्षांच्या सरावाने मुरलेली असते.

'इन्फिनिट'ने या रचनेत धाडसी बदल केला. तिघांऐवजी दोघे आणि मदतनीस पूर्ण बंद. त्याऐवजी एका बटणावर जोडीदाराला कधीही आत घ्यायचं, अगदी आपला वार अर्धा झालेला असतानाही. जाणारा आपला वार पुरा करतो आणि त्याच वेळी येणारा पुढचा सुरू करतो. खो-खोत खो मिळालेली मुलगी जशी पाठलाग न तोडता पुढे धावते, तसं. शिवाय सहा इन्फिनिटी स्टोनपैकी एक निवडायचा. स्पेस स्टोन पूर्ण ताकदीने वापरला तर प्रतिस्पर्धी एका चौकोनात कोंडला जातो, सोल स्टोनने पडलेला जोडीदार उठून उभा राहतो. जोडी तीच ठेवून स्टोन बदलला की खेळण्याची पद्धतच बदलते. माझं मत स्पष्ट आहे: यंत्रणा म्हणून पाहिलं तर हा मालिकेतला सर्वांत मोकळा, सर्वांत कल्पक खेळ आहे. ज्यांनी तो खरोखर खेळला त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी हेच सांगितलं. ऐकायला मात्र फारसं कुणी थांबलं नव्हतं.

थांबणार तरी कसे? जून २०१७मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात खेळाचा कथाभाग दाखवला गेला, तेव्हा आधी नजरेत भरला तो चुन-लीचा चेहरा. मेणाच्या बाहुलीसारखा, ओळखू न येणारा. तो पुढे सुधारला गेला, पण पहिली छाप पुसली गेली नाही. मालिकेच्या तिसऱ्या भागात जाड काळ्या सावल्या वापरून कॉमिकच्या पानाचा भास आणला होता. इथे सिनेमासारखा खरेपणा आणायचा प्रयत्न होता आणि तो ना सिनेमाच्या पातळीला पोचला, ना कॉमिकच्या. दुर्दैव असं की त्याच प्रदर्शनात आर्क सिस्टिम वर्क्स या कंपनीचा 'ड्रॅगन बॉल फायटर झेड' समोर आला. तिघांचा संघ, आणि पडद्यावर हुबेहूब हलणारी ॲनिमे. त्याशेजारी 'इन्फिनिट' जुना आणि घाईत उरकलेला दिसला. त्यात भर म्हणजे कथेत सिग्मा हा एक मुख्य खलनायक, पण त्याला घेऊन खेळायचं तर वेगळे पैसे. ही तक्रार मला शंभर टक्के योग्य वाटते.

सर्वांत मोठा भडका मात्र एका मुलाखतीने उडाला. कॅपकॉमच्या गटातले पीटर रोझास स्वतः या मालिकेचे नावाजलेले स्पर्धक. त्यांनी मांडलेला मुद्दा असा होता: पात्र म्हणजे अखेर काही कामांचा संच. तुम्हाला मॅग्नेटो हवा असतो तो त्याच्या हवेतल्या झेपांसाठी, आणि तशी झेप घेणारी पात्रं इथेही आहेत. तंत्राच्या भाषेत हे चूक नाही. स्पर्धक पात्रांकडे बऱ्याचदा असंच पाहतो. पण माणूस आयुष्याची दहा वर्षं केवळ कामांच्या संचाला देत नाही. लहानपणी वाचलेलं कॉमिक, पाहिलेलं कार्टून, त्या पात्राचा आवाज, त्याची उभं राहण्याची ढब आणि त्याच्यासाठी घोटलेल्या चाली हे सगळं एकत्र मुरलेलं असतं. त्यातला एक धागा काढून दुसऱ्याच्या अंगात घातला तर बोटांना कदाचित चालेल, मनाला चालत नाही. खेळाडू चिडले ते त्यांची ओढच हिशेबातून वगळली गेली म्हणून.

मग एक्स-मेन गेले कुठे? मार्व्हलने १९९०च्या दशकात आपल्या पात्रांचे चित्रपट-हक्क वेगवेगळ्या स्टुडिओंना दिले होते. एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर तेव्हापासून ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे. २००९ साली डिस्नेने मार्व्हल विकत घेतलं, पण हे हक्क फॉक्सकडेच राहिले. खेळांचे हक्क मार्व्हलचेच होते, म्हणजे कायद्याने अडचण नसावी. तरीही प्रतिस्पर्धी स्टुडिओच्या सिनेमांना आपल्या खेळातून फुकट प्रसिद्धी कोण देणार? 'फँटॅस्टिक फोर'चं मासिक कॉमिकसुद्धा २०१५मध्ये थांबलं आणि २०१८मध्येच परतलं. डॉक्टर डूम मुळात त्यांचाच खलनायक. खेळाडूंनी यावरून जो निष्कर्ष काढला तो मला पटतो: 'इन्फिनिट'ची पात्रं सिनेमांचं वेळापत्रक समोर ठेवून निवडली गेली होती.

२०१८च्या इव्होच्या मुख्य यादीत 'इन्फिनिट' नव्हता. 'ड्रॅगन बॉल फायटर झेड' होता. मार्च २०१९मध्ये डिस्नेने फॉक्सचा चित्रपट-व्यवसाय विकत घेतला आणि अडथळा संपला. खेळ येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

करारांचा हा फटका मालिकेला याआधीही बसला होता. डिसेंबर २०१३मध्ये परवान्याची मुदत संपली आणि दुसरा व तिसरा भाग ऑनलाइन दुकानांतून काढून टाकण्यात आला. तिसरा २०१६च्या अखेरीस परतला. दुसऱ्या भागासाठी सप्टेंबर २०२४पर्यंत थांबावं लागलं. 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन'मध्ये तो जुन्या सहा आर्केड खेळांसह आला. त्या सहांत १९९३चा 'द पनिशर'ही आहे. त्याच वर्षीचा कॅपकॉमचा आणखी एक खेळ महाराष्ट्रातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये वाढलेल्या पिढीला पाठ आहे: 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', म्हणजे पोरांच्या तोंडचा 'मुस्तफा'. तो मार्क शुल्झ यांच्या कॉमिकवर बेतलेला, म्हणजे जग दुसऱ्याच्या मालकीचं. कॅपकॉमने त्याची घरी खेळायची आवृत्ती कधीच काढली नाही. इतक्या लोकांनी इतका खेळलेला खेळ आज पैसे देऊनही रीतसर घेता येत नाही, हे मला फार खटकतं.

'इन्फिनिट'ला मात्र चाहत्यांनीच दुसरा जन्म दिला. डिसेंबर २०२४मध्ये 'इन्फिनिट अँड बियाँड' नावाचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी खेळात केलेला फेरबदल, आला आणि त्याने अख्ख्या खेळाला कॉमिकचं रूप चढवलं. आतली यंत्रणा मुळातच चांगली होती, याचा याहून मोठा पुरावा नको. जून २०२५मध्ये 'मार्व्हल टोकॉन' या नव्या खेळाची घोषणा झाली, तोही आर्क सिस्टिम वर्क्सचा. त्यात स्टॉर्म आहे, डॉक्टर डूम आहे, चौघांचा संघ आहे. फक्त समोर रयू नाही, कारण कॅपकॉमच त्यात नाही. मला हवा असलेला खेळ अजून कुणी बनवलेला नाही: दोघांची जोडी, वार चालू असताना होणारी ती अदलाबदल, एका बाजूला मॅग्नेटो, दुसऱ्या बाजूला रयू, आणि विकलेला खेळ दुकानातून काढता येणार नाही असं करारातच लिहिलेलं एक कलम.