महासत्तांची स्पर्धा आणि आपला व्यापार (लेखांक ५) : तेल माहुलला, जकात अंधेरीला

तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे मालवाहू जहाजांना आफ्रिकेचा वळसा कसा घ्यावा लागला, हे गेल्या लेखांकात पाहिले. आजचे उदाहरण मुंबई उपनगराच्या हद्दीतलेच आहे.

चेंबूरजवळ माहुल येथे १९५४-५५ च्या सुमारास एक अमेरिकन कंपनीचा व दुसरा बर्मा-शेलचा, असे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, आणि १९५१ च्या करारांन्वये कच्चे तेल कोठून आणावयाचे याचा अखत्यार त्या कंपन्यांकडेच राहिला. या शर्तीची खरी किंमत १९६० साली कळली. सोव्हिएत रशियाने स्वस्त दराने, आणि तेही रुपयांत मोबदला घेऊन, तेल देऊ केले असता, परकीय चलनाच्या टंचाईने गांजलेल्या या देशाचे तेलमंत्री केशवदेव मालवीय यांनी ते शुद्ध करून देण्याविषयी केलेली मागणी कंपन्यांनी साफ नाकारली. त्या नकारात शीतयुद्धाइतकाच स्वतःच्या तेलावरील नफ्याचाही हिशेब होता. परंतु रशियाच्या देकाराचा धाक असा की, पुढे त्यांना आपल्या तेलाचे दर उतरवावे लागले. १९७४ व १९७६ मध्ये हे कारखाने सरकारजमा झाले, आणि तेलाच्या निवडीचा हक्क आपल्याकडे आला.

तो हक्क बजावण्याची किंमत मात्र पुन्हा मोजावी लागली. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, युरोपने रशियन तेलाकडे पाठ फिरवली, ते स्वस्त झाले, आणि आपल्या आयातीत त्याचा वाटा शेकडा दोनच्या आसपास होता तो एक-तृतीयांशावर गेला. अमेरिकेने त्याबद्दल दंड म्हणून आपल्या मालावर २५ टक्के वाढीव जकात बसवली. आधीच्या २५ टक्क्यांत ती मिळून ५० टक्के झाले. अंमलाचा दिवस २७ ऑगस्ट २०२५, म्हणजे नेमकी गणेशचतुर्थी.

घाव बसला तो अंधेरीच्या सीप्झवर. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक मालासाठी वसवलेल्या या निर्यातक्षेत्रात पुढे जडजवाहिराचे कारखाने आले, आणि त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. तेथील कारागीर मेणाच्या साच्यात चिमट्याने एकेक बारीक हिरा बसवतो, त्या साच्यावरून सोने ओतले जाते, आणि कानशीने घासताना पडणारा सोन्याचा कीससुद्धा टेबलाच्या खणात गोळा करून रोज तोलला जातो. इतक्या काटेकोर हिशेबाच्या धंद्यात पन्नास टक्क्यांचा बोजा कोणी सोसावयाचा? ऑगस्ट-सप्टेंबर हा नाताळचा माल रवाना करण्याचा हंगाम. गिऱ्हाइकाने ऑर्डर थांबवली की प्रथम ओव्हरटाइम जातो, मग ठेक्यावरचे हात कमी होतात. बोरिवली-विरारकडून लोकलने येणाऱ्या या माणसांचा रशियन तेलाशी संबंध आपल्यातील कोणाही प्रवाशाहून अधिक नाही.

हा न्याय समानही नव्हता. रशियाचे कच्चे तेल सर्वाधिक घेणारा देश चीन. परंतु तेलाबद्दलचा हा दंड चीनच्या मालावर लादला गेला नाही, कारण दुर्मीळ खनिजांची नाडी चीनच्या हाती आहे आणि ती आवळली तर अमेरिकेचेच कारखाने अडतात. आपल्या दागिन्यांविना अमेरिकेचे काहीच अडत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, तेल स्वस्त घेतल्याने जी बचत राष्ट्राच्या पदरी पडली, तिच्यातून या कारागिरांची मजुरी सावरणे हे उपकाराचे नव्हे, देण्याचे काम आहे.

रशियाच्या खाणीतील हिऱ्यांवर पाश्चात्त्य राष्ट्रांनी २०२४ मध्ये घातलेल्या बंदीचा विचार पुढील लेखांकात करू.