घोडीच्या रक्तातले पट्टे

सकाळी ६. रात्रीची वरात संपवून घोडी इंदूरच्या विजय नगरात परतली आहे. लगीनसराईत ती मोकळी सापडते ती याच वेळी. मानेच्या खोबणीत अंगठा दाबला की शीर फुगते. साध्या नळीत थोडं रक्त घेतो. "डॉक्टर साब, असली मारवाड़ी है," मालक तिचे कान दाखवतो. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात खरी, पण कान म्हणजे वंशावळ नव्हे.

७.३०. पोहे, वर शेव. रक्त गोठल्याशिवाय सीरम सुटत नाही, म्हणून घाई नाही.

९.३०. महूतलं आमचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. सेंट्रिफ्यूजमधून पिवळं सीरम वर येतं.

१०.३०. स्टार्चचं जेल. ऑलिव्हर स्मिथीजनं 1955 साली दाखवलेली ही रीत आता जुनी झाली. वंशनिश्चिती डीएनएवर होते. तरी शिकवायला मला हीच आवडते, कारण फरक डोळ्यांना दिसतो. प्रथिनात एखादं अमिनो आम्ल बदललं की विद्युतभार बदलू शकतो, आणि वीज सोडल्यावर ते जेलमध्ये कमीजास्त धावतं. अल्ब्युमिन पुढे, ट्रान्स्फेरिन मागे. शेजारच्या खाचांत ओळखीचे नमुने.

१२. जेल धावतंय तोवर तास. घोड्यांत ट्रान्स्फेरिनचे डी, एफ, एच, ओ, आर असे प्रकार आहेत; शिंगराला एक आईचा, एक बापाचा. शिंगरात आईबापांपैकी कुणाकडेच नसलेला प्रकार निघाला, तर सांगितलेली जोडी खोटी. थरोब्रेडच्या नोंदवहीचं दार बंद, साऱ्यांची पितृवंशरेषा तीन घोड्यांपाशी पोचणारी. म्हणून तिथं वैविध्य मर्यादित. एक मुलगी विचारते, "सर, मग भीमथडी घोडे?" इंदुरात हा प्रश्न यायचाच! इथं राज्य केलेल्या होळकरांचं घराणं मूळचं नीरेकाठच्या होळ गावचं, आणि भीमा-नीरेच्या त्याच पट्ट्यात अरबी-तुर्की घोडे स्थानिक तट्टांत मिसळून ही जात घडली. स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद मात्र अगदी अलीकडे झाली.

४. अमायडो ब्लॅकनं पट्टे उमटले. घोडीत ट्रान्स्फेरिनचे दोन प्रकार: एफ आणि ओ.

५.३०. मालकाचा फोन. मारवाडी आहे की नाही? यावरून सांगता येत नाही. हेच प्रकार अनेक जातींत सापडतात. जातीजातींत फरक असतो तो त्यांच्या प्रमाणाचा, आणि प्रमाण काढायला एक घोडी पुरत नाही. तो नाराज झाला.

शिंगरू घेणाऱ्यांनी मात्र एवढं करावं: जातीच्या नावावर पैसे मोजण्याआधी शिंगरासोबत आई आणि बाप, दोघांचेही नमुने तपासून मागावेत.