पाच आठवडे आणि पंधरा आठवडे

नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर रोगालांड नावाचा जिल्हा आहे. स्टावांगर हे तिथलं मुख्य शहर. एके काळी ते डबाबंद सार्डिन माशांच्या धंद्यावर जगत होतं, उत्तर समुद्रात तेल सापडल्यावर त्याचं रूप पालटलं. १९९७ साली इथल्या वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती येऊ लागल्या. सिनेमागृहात खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर तोच मजकूर दिसे, रेडिओवर तोच ऐकू येई. घरोघरी टपालाने एक पुस्तिका पोचली. या साऱ्याचा विषय होता सायकोसिस, म्हणजे ज्या अवस्थेत माणसाचं वास्तवाशी असलेलं नातं सुटतं, कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, सगळे आपल्या वाईटावर आहेत अशी खात्री पटते. ही लक्षणं दिसली तर थांबू नका, या नंबरवर फोन करा, असा त्या जाहिरातींचा साधा निरोप होता.

औषध कंपनीला काही विकायचं होतं म्हणून हे झालं नव्हतं. टोर केटिल लार्सन आणि यान ओलाव योहानेसन या स्टावांगरच्या मनोविकारतज्ज्ञांनी आधी आपल्याच जिल्ह्यातले नवे रुग्ण तपासले होते. पहिलं ठळक लक्षण दिसल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत किती काळ जातो, एवढंच त्यांना पाहायचं होतं. सरासरी निघाली ११४ आठवडे, म्हणजे दोन वर्षांहून अधिक. मध्यक मात्र २६ आठवड्यांचा होता. निम्मी माणसं सहा महिन्यांच्या आत पोचत होती, पण काही जण वर्षानुवर्षं बंद खोलीत राहिले होते आणि त्यांच्यामुळे सरासरी इतकी वर गेली होती. सरकारी खर्चाने उपचार मिळणाऱ्या, पक्के रस्ते आणि सुसज्ज रुग्णालयं असलेल्या सधन देशातली ही गोष्ट. तिथेही आजार आणि दवाखाना यांच्यामध्ये एवढं अंतर होतं.

हा मधला काळ घरात कसा जातो, ते जवळून पाहायला हवं. मुलगा बारावीत किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो. आधी झोप जाते. रात्रभर जाग आणि दुपारी अंथरुणात. मग मित्रांचे फोन उचलणं बंद. जेवणाचं ताट खोलीत न्यायचं, दार लावून घ्यायचं. मार्क घसरतात. मोबाइलवर बोट ठेवून कॅमेरा झाकला जातो, खिडकीचे पडदे दिवसाही ओढलेले राहतात. शेजारच्या काकांना खोकला आला तर तो आपल्याला इशारा आहे असं त्याला वाटतं. आई म्हणते, अभ्यासाचा ताण आहे. मामा म्हणतात, मोबाइल काढून घ्या. आजीला नजर लागल्याची शंका येते. या वयातली मुलं अशीच वागतात, हे वाक्य कुणीतरी बोलतंच, आणि ते पुष्कळदा खरंही असतं. इथेच अडचण आहे. सुरुवातीची लक्षणं कुठल्याही तरुण मुलाच्या तऱ्हेवाईकपणात सहज मिसळून जातात. त्यातून ज्याला आजार झाला आहे त्याला आपण आजारी आहोत असं वाटत नाही. त्याच्या लेखी तो आवाज खराच असतो. म्हणून डॉक्टरकडे जायचा निर्णय जवळजवळ नेहमी दुसऱ्या कुणाला घ्यावा लागतो.

रोगालांडच्या प्रकल्पाचं मला सर्वांत जास्त मोल वाटतं ते इथे. त्यांनी जाहिरातीच्या जोडीला एक दार बांधलं. मनोविकार विभागातल्या लोकांची छोटी पथकं नेमली. फोन आई-वडिलांनी करावा, शिक्षकाने करावा, फॅमिली डॉक्टरने करावा किंवा स्वतः त्या मुलाने करावा. चिठ्ठी लागत नव्हती, प्रतीक्षायादी नव्हती. शंका खरी वाटली तर चोवीस तासांच्या आत भेट, आणि ती रुग्णालयातच व्हावी असाही आग्रह नव्हता. घरी, शाळेत, डॉक्टरच्या खोलीत, जिथे मुलगा बसायला तयार असेल तिथे. माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांना आणि गावोगावच्या डॉक्टरांना वेगळं प्रशिक्षण दिलं गेलं, कारण घराबाहेर पहिला बदल पाहणारी माणसं तीच असतात.

याचा परिणाम मोजण्यासाठी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे थॉमस मॅक्लॅशन आणि नॉर्वेतले सहकारी यांनी तुलनेसाठी दुसरे दोन भाग घेतले: ओस्लोमधला उलेवाल विभाग आणि डेन्मार्कमधलं रोस्किल्द. तिन्हीकडे उपचार सारखे ठेवले. औषधं, आधार देणारी मानसोपचार-सत्रं, अनेक कुटुंबांना एकत्र बसवून होणाऱ्या बैठका, सगळं तेच. फरक एकच, मोहीम फक्त रोगालांडमध्ये. चार वर्षांत, १९९७ ते २००० या काळात, २८१ रुग्ण अभ्यासात आले. मोहिमेच्या भागात उपचाराविना गेलेल्या काळाचा मध्यक पाच आठवड्यांवर आला, इतर दोन भागांत तो सोळा आठवडे राहिला. शिवाय रोगालांडमध्ये पहिल्यांदा आलेली मुलं कमी खंगलेली होती, आणि आत्महत्येचा बेत केलेल्या किंवा प्रयत्न केलेल्यांचं प्रमाणही तिथे कमी होतं. माझ्या मते यातलं हे शेवटचं निरीक्षण सर्वांत मोठं. सायकोसिसमध्ये जीव जातो तो पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत जातो. लवकर पोचणं म्हणजे काही मुलं त्या कड्यापर्यंत जाण्याआधीच भेटणं.

मग पैसे आटले. जाहिराती थांबल्या. पथकं मात्र कामावर होती, फोन चालू होता, नंबर तोच होता. इन्गे योआ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली त्यानंतरच्या वर्षांचा हिशेब मांडला. मध्यक पुन्हा पंधरा आठवड्यांवर गेला होता. दार उघडं होतं, पण तिथे दार आहे हे आठवणारी माणसं कमी झाली होती. दरवर्षी नवी मुलं सतरा-अठराची होतात, नवे पालक त्या टप्प्यावर येतात. गेल्या वर्षी जाहिरात वाचलेल्याला ती तेव्हा लागू नसते, आणि गरज पडते तेव्हा वाचलेलं विसरलेलं असतं. अशी मोहीम पल्स पोलिओसारखी वर्षागणिक परत यावी लागते; एकदा मोठा समारंभ करून फीत कापली की काम संपत नाही.

अभ्यासकांमध्ये एक रास्त शंका होती. उशिरा येणारे मुळातच वेगळे असू शकतात. ज्याचा आजार हळूहळू, आतल्या आत वाढतो तो उशिरा येतो, आणि तसाच आजार पुढेही हट्टी ठरतो. मग दोष उशिराचा म्हणायचा की आजाराच्या जातीचा? मॅक्स मार्शल यांनी २००५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की जास्त उशीर आणि वाईट परिणाम यांचं नातं आहे, पण नातं म्हणजे कारण नव्हे. रोगालांडच्या प्रकल्पाने संपूर्ण भागाची भागाशी तुलना केली म्हणून त्याच्या उत्तराला जास्त वजन आहे. दहा वर्षांनी वेन्के हेगेल्स्टाड आणि सहकाऱ्यांनी त्याच माणसांना पुन्हा गाठलं. मोहिमेच्या भागातले ३०.७ टक्के रुग्ण पूर्ण सावरलेले होते, दुसरीकडे १५.१ टक्के. लक्षणं जाणं आणि स्वतःच्या पायावर उभं राहणं, दोन्ही असेल तरच ‘सावरलेला’ मानायचं, असा निकष होता. पूर्ण वेळ नोकरी करणारेही मोहिमेच्या भागात जास्त निघाले.

सगळीकडे असं यश आलं असं नाही. बर्मिंगहॅममध्ये फॅमिली डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं. २००९ साली निष्कर्ष आला तेव्हा उपचाराविना जाणारा काळ म्हणावा तसा घटलेला नव्हता. सिंगापूरमध्ये २००१ पासून लोकजागृती आणि खास सेवा अशी दुहेरी आखणी झाली आणि तिथला मध्यक बारा महिन्यांवरून चारवर आला. एकट्या डॉक्टरांना शिकवून भागत नाही, कारण उशिराचा मोठा भाग डॉक्टरांच्या आधीच्या पायऱ्यांवर जातो. आजी, मामा, वर्गशिक्षक, शेजारी यांच्यापर्यंत पोचावं लागतं.

आपल्याकडे या पायऱ्या आणखी वाढतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ साली, सायकोसिस असलेल्या दर चारांपैकी जवळपास तिघांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं. गावात पहिलं निदान बहुधा ‘बाहेरचं’ असं होतं. करणी, बाधा, लागीर. मग देवऋषी, अंगारा, उतारा, अमावास्येची वारी. एखाद्या ठिकाणी साखळी. ज्यांना हा भाग परका वाटतो त्यांच्या घरातही ‘लग्न करून दिलं की ठीक होईल’ हे निदान चालतं, आणि मग एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्नही त्यात मिसळतो. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू शकले नाहीत. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली, जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं हा गुन्हा ठरला. कायद्याने साखळी निघते. पुढचा रस्ता दाखवायला मात्र माणूस लागतो.

तो रस्ता श्रद्धास्थानाच्या अंगणातूनही जाऊ शकतो. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्गा आहे. ‘द अल्ट्रुइस्ट’ या संस्थेने तिथे ‘दवा-दुवा’ नावाचा उपक्रम सुरू केला. दर्ग्यातले मुजावर आलेल्या माणसासाठी दुवा मागतात आणि त्यालाच मनोविकारतज्ज्ञाकडेही पाठवतात. अंधश्रद्धेशी लढणाऱ्या कुणाला हे पटणार नाही, मला ती अस्वस्थता समजते. पण ज्या बाईने मुलाला घेऊन रात्रभर प्रवास केला आहे, तिच्यासमोर आधी तिची श्रद्धा मोडायची आणि मग गोळी द्यायची हा क्रम ठेवला, तर ती परत येणार नाही. मुलाची गोळी चुकू नये, हे मला आधी हवं आहे.

चेन्नईच्या स्कार्फ या संस्थेने तर दवाखानाच चाकांवर घातला. डॉ. सारदा मेनन यांनी १९८४ मध्ये ही संस्था स्थापली. २०१० पासून तिची एक बस पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या गावांत फिरली. बसच्या आत सल्लामसलतीची छोटी खोली, शेजारी औषधांचं दालन. रुग्ण आत बसतो, समोरच्या पडद्यावर चेन्नईतले डॉक्टर दिसतात. बोलणं झालं की औषध तिथेच हातात पडतं. बाहेर गावकरी उभे असतात, कारण बसच्या पडद्यावर तमिळमधून या आजाराची माहिती देणाऱ्या फिती दाखवतात. तालुक्याला जाण्याचा दिवस, बुडालेली मजुरी आणि लोक काय म्हणतील ही भीती, या तिन्ही गोष्टी एका बसने कमी होतात. रोगालांडमध्ये जी तीन कामं वेगवेगळ्या माणसांनी केली, जाहिरात, पथक, उपचार, ती इथे एकाच वाहनात बसली.

महाराष्ट्रातही पाया आहे. साताऱ्यात परिवर्तन संस्थेने भारतभर गाजलेल्या एका चाचणीत भाग घेतला. तमिळनाडू, गोवा आणि सातारा इथे गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी स्किझोफ्रेनिया हा सायकोसिसचा आजार असलेल्या माणसांच्या घरी जाऊन आधार द्यायचा, आणि केवळ दवाखान्यातल्या उपचारांशी त्याची तुलना करायची. २०१४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष माफक होता, तरी घरी जाणाऱ्यांच्या बाजूचा होता. ते रुग्ण मात्र आधीपासून आजारी असलेले होते. पहिल्या काही आठवड्यांतल्या मुलांसाठी तसं जाळं आपण अजून विणलेलं नाही. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, तीही स्टावांगरच्या जाहिराती सुरू झाल्या त्याच वर्षी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटाने २००४ मध्ये अतुल कुलकर्णींच्या शेषच्या रूपाने हा आजार मराठी घरांत आणला. कितीतरी बहिणींनी शेषच्या बहिणीत स्वतःला पाहिलं असेल.

म्हणून मला प्रत्येक जिल्ह्यासाठी नेमकं काम दिसतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात नव्या रुग्णासाठी वेगळी खिडकी, फोन आल्यावर दोन दिवसांत घरी जाणारा एक समाजकार्यकर्ता, कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांसाठी दरवर्षी एक दिवस, आशाताईंच्या नोंदवहीत चार प्रश्नांची भर, आणि एसटी स्टँडवरच्या फलकासाठी, आकाशवाणीसाठी दरवर्षी ठेवलेले पैसे. शेवटची बाब कुठल्याही अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापली जाते, आणि रोगालांडमध्ये ती कापल्यावर काय झालं ते वर दिलंच आहे.

दरम्यान, ज्यांच्या घरात आज असं दार बंद आहे त्यांच्यासाठी: १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा निःशुल्क नंबर आहे, ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, आणि फोन घरातल्या कुणीही करू शकतो. ऐकू येणारा आवाज खरा की खोटा यावर मुलाशी वाद घालू नका. त्याला झोप लागत नाही, भीती वाटते, यावर बोला. त्या त्रासासाठी डॉक्टरकडे जायला तो बहुधा लवकर तयार होतो. लक्षणं कधीपासून आहेत ते तारखेनिशी लिहून घ्या. आणि मुलगा स्वतःला इजा करण्याची भाषा बोलू लागला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता जवळच्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.