हापूसच्या कोयीतून काय उगवतं?

'हापूसची कोय लावली तर हापूसच लागेल का?' आंब्याचा मोसम सरत आला की वाचकांचा हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सरळ आहे: झाड येईल, आंबेही लागतील, पण ते रायवळ. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो फुलातल्या संकरातून घडलेला, बहुधा शेजारच्या एखाद्या झाडाचा पराग घेऊन.

दक्षिणेतल्या ओलूर आंब्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या एकाच कोयीतून अनेक रोपं फुटतात. त्यांतली बहुतेक बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून तयार होतात, म्हणून हुबेहूब आईसारखी निघतात! एदुआर्द स्ट्रासबुर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने अशा गर्भांचा उलगडा १८७८ मध्येच केला होता.

हापूसला ही सोय नाही. फांदी मातीत खोवावी, तर वड, शेवगा, पांगारा सहज मुळं धरतात. आंब्याची काडी, त्यातही जुन्या झाडाची, बहुधा वाळून जाते. कोरफडीच्या गरात बुडवलेल्या काडीला मुळं फुटल्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांवर विसंबू नका. मुळं फुटवण्यासाठी रोपवाटिकांत वापरतात त्या इंडोल ब्युटिरिक आम्लालाही आंबा सहजी दाद देत नाही.

म्हणून कलम. त्यातही कोकणातलं कोय कलम मला फार आवडतं. पावसाळ्यात कोय रुजते. रोप जेमतेम दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस. तेवढ्यात त्याचा शेंडा छाटून खोड मधोमध चिरतात, पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी त्यात बसवतात आणि पट्टी आवळून बांधतात. कोयीतला अन्नसाठा संपलेला नसतो, हवा दमट असते, आणि दोघांच्या सालीखालचे वाढते थर एकमेकांत मिसळतात. इतक्या कोवळ्या रोपावर हे जमू शकतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

पण कलमाचा हापूस म्हणजे जुन्याच झाडाची वाढत गेलेली फांदी. गोडी येते तसा साकाही, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भागही येतो. कितीही कलमं बांधली तरी तो जायचा नाही. त्यासाठी पुन्हा कोयीकडेच वळावं लागलं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने निवडलेला, साका नसलेला 'रत्ना' १९८१ मध्ये बागायतदारांच्या हाती आला.

तेव्हा कोय जरूर लावा, पण ताजी. वाळली की थोड्याच आठवड्यांत तिची रुजण्याची ताकद जाते. फळासाठी मात्र बरीच वर्षं थांबावं लागेल, आणि चव कशी निघेल हे आज कुणीच सांगू शकणार नाही.