एकादशीचा फराळ आणि लहान झालेले जठर

कुंभकोणम्‌हून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोविंदपुरम् हे लहानसे गाव लागते. कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या या भाताच्या मुलुखात जिकडे पाहावे तिकडे द्राविडी गोपुरे दिसतात. परंतु गोविंदपुरम् येथे मराठी प्रवाशाचे पाऊल आपोआप थबकते. समोर महाराष्ट्रातल्या देवळांच्या धर्तीचे उंच शिखर उभे असते आणि आत कमरेवर कर ठेवून विठ्ठल व शेजारी रखुमाई उभी असते. या देवालयाचा कुंभाभिषेक २०११ साली झाला. देवालयाची स्वतःची मोठी गोशाळा आहे. याच गावात बोधेंद्र सरस्वतींचे अधिष्ठान असून नामस्मरणाचा महिमा सांगणाऱ्या दक्षिणेतील भजनपरंपरेत त्यांचे स्थान फार मोठे मानतात. तंजावरच्या गादीवर १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे बसले आणि १८५५ पर्यंत ते राज्य भोसल्यांच्या घराण्याकडे राहिले. त्या काळात येथे आलेल्या घराण्यांची मराठी आजही या जिल्ह्यात ऐकू येते, आणि तिच्याबरोबर एकादशीही आली आहे.

या एकादशीविषयी आज लिहावयाचे आहे. मात्र ते व्रताच्या बाजूने नव्हे, जठराच्या बाजूने.

समजा, आपल्या घरची सून चेन्नईस असते. वजन फार वाढले, मधुमेह जडला, गुडघे कुरकुरू लागले, म्हणून तिने वैद्यकीय सल्ल्याने वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यास चार महिने झाले. वजन चांगले उतरले आहे. आषाढी एकादशीस सारे कुटुंब विठ्ठलदर्शनासाठी गोविंदपुरम्‌ला येते आणि उपवासाचा प्रश्न उभा राहतो. सासूबाई म्हणतात, “हिला कोठे भूक असते? हिला उपवास सोपा.” बोलण्यात माया असते, काही अंशी कौतुकही असते, परंतु विधान चुकीचे आहे. सुनेस भूक लागत नाही हे खरे. म्हणूनच तिने काय खाल्ले याचा हिशेब दुसऱ्या कोणी तरी ठेवला पाहिजे.

या शस्त्रक्रियेत नेमके काय होते ते थोडक्यात पाहू. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी या उपचारासाठी जठराची वाट वळवण्याची पद्धत आरंभली. तिचेच सुधारलेले रूप आज ‘बायपास’ या नावाने ओळखले जाते. त्यात जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. या चिमुकल्या पिशवीत सुरुवातीला जेमतेम दोन मोठे चमचे मावतात. ‘स्लीव्ह’ नावाच्या दुसऱ्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकून बाकीच्याची अरुंद नळी ठेवतात. दोन्ही प्रकारांत पोट लवकर भरते आणि भूकही पुष्कळ मंदावते.

वजन उतरते ते चरबीचे उतरावे अशी अपेक्षा असते. पण आहारात प्रथिने कमी पडली की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागते. काट्यावरचा आकडा तेव्हाही खाली येतच असतो, त्यामुळे घरचे आनंदात असतात. मग जिना चढताना पाय थरथरतात, केस मूठमूठ गळतात, जखम लवकर भरत नाही. आणि उणीव फार झाली तर पावलांवर सूज चढते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांच्या सुमारास वजन झपाट्याने उतरल्यामुळे थोडे केस बहुतेकांचे गळतात व पुढे पुन्हा येतात, तेव्हा तेवढ्याने घाबरू नये. परंतु गळती थांबत नसेल किंवा सूज दिसली तर रक्ततपासणी करून घेण्यास विलंब लावू नये.

किती प्रथिने लागतात? निरोगी प्रौढ माणसास शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत सांगितले आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी वैद्यकीय मार्गदर्शिका दिवसाला किमान ६० ग्रॅमचा आकडा देतात. प्रकृतीप्रमाणे तो योग्य वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत नेतात. म्हणजे पोट वाटीएवढे झाले आणि गरज मात्र वाढली! मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हा आकडा आपल्या वैद्यांकडूनच ठरवून घ्यावा.

येथे अनुवादकाच्या टेबलावरची एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. जुन्या मराठी आरोग्यविषयक पुस्तकांत या द्रव्यांस ‘नत्रयुक्त पदार्थ’ म्हणत. पुढे ‘प्रथिने’ हा शब्द रूढ झाला. कुंभकोणम्‌च्या बाजूला शाळेतली मुले त्यालाच ‘पुरदम्’ म्हणतात. मूळ युरोपीय शब्द १८३८ साली प्रचारात आला, आणि तो ज्या ग्रीक शब्दावरून घेतला त्याचा अर्थ ‘अग्रस्थानी असलेला’ असा आहे. आमचा ‘प्रथिन’ही कानाला ‘प्रथम’च्या शेजारचाच वाटतो. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या पानावर या शब्दाचा अर्थ अगदी अक्षरशः घ्यावयाचा असतो. प्रथिनांचा घास पहिला, भाजीचा दुसरा, आणि जागा उरली तर भाताचा.

आता आपल्या नेहमीच्या जेवणाकडे पाहा. अर्धी वाटी भात आणि त्यावर रसम् घेतले की या लहान पोटाला तृप्तीची ढेकर येते. पदरात प्रथिने पडतात जेमतेम दोन ग्रॅम. सांबाराचे काय, असे कोणी विचारील. तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात पाहुण्या आलेल्या संभाजीराजांसाठी हा पदार्थ प्रथम झाला आणि त्यावरून त्याचे नाव पडले, अशी आख्यायिका या भागात आवडीने सांगतात. तिचा खरेखोटेपणा इतिहासकारांवर सोपवू. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की, सांबाराची डाळ तळाशी बसते आणि वाढणारा हात वरवरचे पातळ वाढतो. तीस ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ती डाळ दाट वरणाच्या रूपाने आली तर पोटात जाते. चार वाट्या पाण्यात पसरली तर पोट पाण्यानेच भरते. तेव्हा या पानावर पळी तळातून घालावी.

एकादशीला तर डाळही नाही. मग फराळ म्हणजे साबुदाणा, असे आपल्याकडचे समीकरण. महाराष्ट्रातल्या उपवासाचा साबुदाणा बव्हंशी याच तमिळनाडूतून, सेलमच्या परिसरातून येतो, आणि तो कंदाच्या पिठुळ सत्त्वाचाच बनलेला असतो. त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. दाण्याचे कूट सढळ घातले तरी चिकट खिचडी या अरुंद वाटेत अडकण्याची भीती असतेच. बटाटा, रताळे यांचीही कथा फारशी निराळी नाही. वरीचे तांदूळ थोडे बरे, राजगिरा त्याहून बरा. पण एकादशीचा खरा आधार गोशाळेतून येतो.

चार महिने झालेल्या, दूध पचणाऱ्या स्त्रीचा असा एक दिवस आम्ही मांडून पाहिला. सकाळी सातला दीडशे मिलिलिटर साय काढलेले दूध, त्यात स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम: प्रथिने दहा ग्रॅम. साडेनवाला पन्नास ग्रॅम मऊ ताजे पनीर, जिरेपूड व सैंधव लावून: नऊ ग्रॅम. दुपारी बाराला घट्ट टांगलेल्या दह्याचा चक्का शंभर ग्रॅम, साखर न घालता: सुमारे सात. तीन वाजता पुन्हा सकाळसारखे दूध: दहा. साडेपाचला पनीर: नऊ. रात्री आठला अर्धी वाटी दही व त्यात बारीक केलेले दाण्याचे कूट पंधरा ग्रॅम: सात. निजताना दीडशे मिलिलिटर दूध: पाच. बेरीज सत्तावन्न! साठाला तीन कमी पडतात. दुधाच्या भुकटीचा आणखी एक मोठा चमचा दिवसभरात कोठेही घातला की ती उणीव बहुतांशी भरून निघते.

ज्यांना एवढ्या वेळा खाणे जमत नाही त्यांना वैद्य प्रथिनांची भुकटी देतात. तिचे नाव ऐकून कित्येक सोवळ्या घरांत शंका निघते. पनीर करताना जी निवळ उरते, तिच्यातील प्रथिने वेगळी काढून वाळवली की त्यातली एक प्रकारची भुकटी तयार होते. तिच्या पंचवीस ग्रॅमच्या मापात साधारण वीस ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे वस्तू दुधाचीच. डब्यावरचा मजकूर वाचून मात्र घ्यावी, कारण सोयाबीनची व अंड्याचीही भुकटी मिळते, आणि काहींत साखर भरपूर असते. शिवाय आपल्या धर्मशास्त्राने व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमूळ, फळ व दूध आहेत, आणि औषधही आहे. शास्त्रकारांनी आजाऱ्याचा विचार केला होता; आपण तो विसरावा असे त्यांनी कोठे म्हटलेले नाही.

निर्जळी उपवासाविषयी स्पष्टच लिहितो: शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पहिल्या वर्षी, तो करू नये. तंजावरकडच्या कित्येक माध्व कुळांत एकादशीस पाण्याचा थेंबही न घेणारी वडीलधारी माणसे आहेत; त्यांच्या निष्ठेपुढे मस्तक नमवावे, पण त्यांचे अनुकरण या रोग्याने करू नये. हे लहान पोट दुसऱ्या दिवशी तांब्याभर पाणी एकदम पिऊन कसर भरून काढू शकत नाही. दिवसभर घोटघोट पाणी घेत राहावे लागते, आणि तेही खाण्याबरोबर नव्हे. खाल्ल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा. मधुमेहाची औषधे चालू असतील तर कोणताही उपवास वैद्यांना विचारल्यावाचून धरू नये.

चातुर्मासाची अडचण याहून नाजूक आहे. माध्व संप्रदायात आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिन्यांची चार व्रते पाळतात: पहिल्या महिन्यात भाज्या वर्ज्य, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल, म्हणजे डाळी व कडधान्ये. प्रथिनांच्या शोधात असलेल्या माणसास ही यादी प्रथम ऐकताना धडकी भरते. पण थोडे थांबून पाहिले तर एका वेळी एकच दार बंद होते. भाज्यांच्या महिन्यात मूग, उडीद व दूधदुभते चालते. दही गेले तर दूध व डाळी राहतात. दूध गेले तर दही परत आलेले असते. डाळी गेल्या तर दूध व दही दोन्ही हाताशी असतात. तेव्हा महिना लागण्याच्या आदल्या दिवशी गृहिणीने एवढेच ठरवावे की, या महिन्यात जे दहा-बारा ग्रॅम उणे होणार ते कोठून भरावयाचे. पनीर कोणत्या महिन्यात धरावे याविषयी घराघराची रीत वेगळी असते. ती घरच्या थोरांस आधी विचारून घ्यावी, म्हणजे ऐन पानावर वाद होत नाही.

द्वादशीचे पारणे हा खरा कसोटीचा प्रसंग. केळीचे पान मांडले जाते आणि पहिल्यांदा टोकाशी पायसम् वाढतात. शस्त्रक्रिया झालेल्याने ते प्रसाद म्हणून बोटावर घ्यावे, तेवढेच. बायपास झालेल्यांच्या आतड्यात असा गोड पदार्थ एकदम उतरला की छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो, पोटात कळा येतात आणि पंगतीतून उठावे लागते. कोसुमल्ली, म्हणजे आपली डाळीची कोशिंबीर, फार चांगली. परंतु तिच्यातली भिजवलेली कच्ची मूगडाळ पहिल्या काही महिन्यांत जड पडते, तेव्हा त्यांच्यासाठी डाळ मऊ वाफवून घ्यावी. मग तूप न ओतता दाट वरण चमच्याने, भाताशिवाय. सुंडल असेल तर चणे मऊ शिजलेले पाहून मोजके, प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावून. कुंभकोणम्‌चा प्रसिद्ध कडप्पा मूगडाळीचाच असतो. इडली अर्धी आणि कडप्पा वाटीभर असे उलटे प्रमाण ठेवले तर न्याहारी साधते. एका इडलीत प्रथिने दोनच ग्रॅम. डिग्री कॉफीने मात्र कोणी समाधान मानू नये, तिच्यात दूध पेलाभर दिसते तेवढे नसते.

आणि डांगर! महाराष्ट्रात उडदाची डाळ भाजून दळलेले पीठ दह्यात कालवून जे डांगर करतात, तेच तंजावरच्या मराठी घरांत ‘डांगर पच्चडी’ या नावाने नांदते. वीस ग्रॅम पिठात पावणेपाच ग्रॅमच्या आसपास आणि शंभर ग्रॅम दह्यात तीन ग्रॅम, असे वाटीभर डांगरातून जवळजवळ आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. ते मऊ असते, चावावे लागत नाही, घशाशी अडकत नाही. वैद्यांनी मऊ अन्नाची परवानगी दिल्यावर तिखट न घालता नुसत्या जिऱ्या-हिंगाचे करावे. व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथपंडिताने ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात अन्नपदार्थांचे गुणदोष तपशीलवार मांडले. या प्रदेशात पथ्याचा विचार नवा नाही.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट राहिली. प्रथिनांचा हिशेब जुळला तरी ब-१२ हे जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियम यांची उणीव या शस्त्रक्रियेनंतर सहज होते, आणि ब-१२ तर शाकाहारात मुळातच तुटपुंजे. वैद्यांनी दिलेल्या गोळ्या एकादशीलाही घ्यावयाच्या आहेत. सारख्या उलट्या होत असतील, पेजेवरच दिवस निघत असतील, आणि डोळ्यांपुढे दुहेरी दिसू लागले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर ते नुसत्या अशक्तपणाचे लक्षण नव्हे. ब-१ जीवनसत्त्व संपल्याची ती खूण असू शकते, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

आपल्या सुनेचे पान वाढताना सासूबाईंनी एक लहान वाटी वेगळी ठेवावी. तिच्यात काय आणि किती घातले हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तिथीखाली ग्रॅममध्ये लिहीत जावे. पुढच्या भेटीस वैद्यांकडे जाताना ते पान बरोबर न्यावे.